ध्वज, पंख आणि झडप : प्रवाही व लवचीक वस्तू यांचे संगणकीय गणित

प्रजासत्ताकदिनाचे ध्वजवंदन आटोपून मुले वर्गाकडे निघाली असता आठवीतील एका विद्यार्थ्याने आम्हांस थांबविले. “सर, वारा एकाच दिशेने येतो आहे. मग झेंडा त्या दिशेला ताठ का राहत नाही? तो लाटा का मारतो?” घाईत होतो, “वारा कमीजास्त होत असतो, म्हणून,” एवढे उत्तर देऊन आम्ही पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी तो विद्यार्थी जुन्या चादरीची एक पट्टी घेऊन प्रयोगशाळेत आला. टेबलपंख्याचा वेग एकदा ठरविला, की तो बराच वेळ बदलत नाही. त्या पंख्यापुढे त्याने पट्टी धरली. आखूड धरली तेव्हा ती जवळजवळ सरळ राहिली. लांब सोडली तेव्हा फडफडू लागली. वारा तोच, कापड तेच, फरक केवळ लांबीचा. आमचे उत्तर अपुरे होते हे मान्य करणे आम्हांस भाग पडले. स्मरणिकेसाठी विज्ञानविषयक लेख द्यावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा ते उसने राहिलेले उत्तर येथे फेडावे असे आम्ही ठरविले.

पट्टीचे काय होते ते पाहू. कापड कोठेतरी किंचित फुगते. त्या फुगवट्यावरून जाणाऱ्या हवेस वळसा घ्यावा लागतो, तेथे तिचा वेग वाढतो आणि दाब घटतो. दाब घटल्याने फुगवटा आणखी वर ओढला जातो. त्याच वेळी कापडाचा ताण त्यास मागे खेचतो, त्याचे वजन त्याची हालचाल लांबविते, आणि हवा तो फुगवटा पुढे पुढे नेत राहते. पट्टी आखूड असेल तर खेचणारे पक्ष वरचढ ठरतात आणि पट्टी शांत राहते. ती लांब झाली, की हवेचा पक्ष वरचढ होतो व लाटा सुरू होतात. २००० साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी साबणाच्या पाण्याच्या उभ्या वाहत्या पापुद्र्यात रेशमाचा धागा सोडून हीच गोष्ट फार सुंदर रीतीने दाखविली. धागा आखूड असता ताठ राही, लांब असता वळवळे. आणि मधल्या काही लांबीस तर दोन्ही अवस्था शक्य असत. ताठ धाग्यास टोचले तर तो वळवळू लागे आणि तसाच वळवळत राही. म्हणजे वाऱ्याच्या लहरीवर सारे ढकलणारे आमचे उत्तर केवळ अपुरे नव्हते, मुद्दाच चुकविणारे होते.

येथे एका शब्दाचा उलगडा करणे अवश्य आहे. पाणी, रक्त, तेल यांसारखे द्रव आणि हवेसारखे वायू या दोहोंस मिळून शास्त्रीय मराठीत ‘द्रायू’ असा शब्द योजतात. तो वाचकांच्या कानांस अनोळखी वाटेल म्हणून आम्ही या लेखात ‘प्रवाही’ म्हणतो. प्रवाही वस्तूला ढकलते, वस्तू वाकते, वाकलेली वस्तू प्रवाहाची वाट बदलते, आणि बदललेला प्रवाह वस्तूला निराळ्या रीतीने ढकलतो. या येरझारीचे गणित संगणकाकडून करवून घेणे हा आमचा आजचा विषय. संगणकावर केलेल्या अशा अनुकरणास मराठीत ‘सदृशीकरण’ हा शब्द आहे, जरी प्रयोगशाळांत सर्रास ‘सिम्युलेशन’ म्हणत असले तरी.

हा विषय सांताक्रूझच्या मुलांस परका वाटण्याचे कारण नाही. आमच्या वसतिगृहाच्या गच्चीवरून पश्चिमेस जुहूच्या धावपट्टीवर उतरणारी हेलिकॉप्टरे दिसतात. तेच मैदान १९३२ साली देशाच्या हवाई टपालाचा एक थांबा होते. त्या वर्षी १५ ऑक्टोबर रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाची थैली घेऊन निघाले, अहमदाबादेस थांबले आणि दुपारी जुहूस उतरले. या गोष्टीतील दिवस, वैमानिक आणि टपाल शालेय पुस्तकांत येतात. विमानाविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. ते होते डी हॅविलंड कंपनीचे ‘पुस मॉथ’, एकाच इंजिनाचे, वर एकच पंख असलेले लहानसे विमान. धड पोलादी नळ्यांचे, पंख लाकडी सांगाड्यावर कापड चढविलेले, आणि प्रत्येक पंखास खालून तिरपे आधारदांडे. दिसावयास देखणे व वेगाने चपळ असे हे विमान त्या काळी जगभर खपत होते.

त्याच काळात या जातीच्या विमानांवर एक छाया पडली होती. १९३० पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत वेगवेगळ्या खंडांत काही पुस मॉथ विमाने उडत असतानाच हवेत मोडली. मे १९३१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ड्राकेन्सबर्ग पर्वतावर ग्लेन किडस्टन हा नामांकित ब्रिटिश वैमानिक अशाच अपघातात मरण पावला. पर्वतावरील खवळलेल्या हवेत त्याच्या विमानाचे तुकडे झाले. एंजिन बंद पडून विमान कोसळणे निराळे, आणि धडधाकट इंजिनासह पंख निखळणे निराळे. विमानावर भार टाकून पाहिला असता पंख तर पुरेसे मजबूत भरत होते. मग ते मोडत कसे?

ब्रिटनमध्ये याचा दीर्घ तपास झाला, पवनबोगद्यात प्रतिकृती ठेवून प्रयोग झाले, आणि संशयाची सुई ‘फ्लटर’कडे, म्हणजे पंखाच्या फडफडीकडे वळली. विशिष्ट वेगापलीकडे, खवळलेल्या हवेत, पंख आणि त्याचा आधारदांडा मिळून थरथरू लागत आणि ती थरथर क्षणार्धात वाढत जाई. आधारदांड्यास आणखी एक छोटा दांडा जोडून त्याचे ताठपण वाढविण्यात आले. वाळूची पोती ठेवून पंखाची ताकद मोजणारा अभियंता चुकला नव्हता. त्याने एकट्या पंखाला प्रश्न विचारला होता. मोडत होते ते पंख आणि हवा यांचे जोडपे.

ही फडफड कशी वाढते हे नीट समजून घेण्याजोगे आहे. पंख दोन प्रकारे हलू शकतो: वरखाली वाकू शकतो आणि स्वतःभोवती पिळू शकतो. पुढची कड वर होईल असा पीळ बसला, की उचलबल वाढते. आता पंख वर जात असताना पीळ वरच्या बाजूस आणि खाली येत असताना खालच्या बाजूस असेल, तर हवा प्रत्येक हेलकाव्यास मदतच करील; प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा पंखात भरील. कमी वेगात ही ऊर्जा घर्षणात व हवेच्या विरोधात जिरून जाते. एका ठरावीक वेगापुढे भरणारी ऊर्जा जिरणाऱ्या ऊर्जेहून अधिक होते. मग वैमानिकास विचार करण्यास दोन-चार सेकंदही मिळत नाहीत. या गणिताचा पाया पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, एका बाँबफेकी विमानाच्या शेपटाच्या थरथरीचा अभ्यास करताना लँचेस्टर आणि बेअरस्टो यांनी घातला होता, आणि १९२८ साली फ्रेझर व डंकन यांचा सविस्तर प्रबंधही प्रसिद्ध झाला होता. म्हणजे पुस मॉथचे पहिले उड्डाण १९२९ मध्ये झाले तेव्हा ज्ञान अस्तित्वात होते. परंतु एका पंखाचे असे गणित कागद-पेन्सिलीने करावयाचे तर महिने लागत, आणि आधारदांड्यासारखा एखादा तपशील सहज गळून जाई. पुढे संगणकाची निकड या शाखेस भासली, ती या कारणाने.

आणखी एका गैरसमजाबद्दल येथेच बोलून घेऊ. अमेरिकेतील टॅकोमा नॅरोज हा झुलता पूल जुलै १९४० मध्ये खुला झाला आणि ७ नोव्हेंबर १९४० रोजी ताशी सुमारे ६५ किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटून कोसळला. त्याचे चलच्चित्र आज मुलांना मोबाइलवरही पाहावयास मिळते. कित्येक पुस्तकांत हे अनुनादाचे उदाहरण म्हणून देतात: झोक्यास योग्य वेळी धक्का दिला की झोका चढत जातो, तसा वाऱ्याने पुलास धक्का दिला. आम्हीही वर्षानुवर्षे तसेच शिकविले. पण झोक्यास बाहेरचा कोणीतरी ठरावीक वेळाने ढकलीत असतो. त्या सकाळी वारा असे ठरावीक धक्के देत नव्हता. धक्क्याची वेळ पुलाच्या स्वतःच्या पिळवटण्यानेच ठरत होती. पूल हलला म्हणून वाऱ्याचे बल बदलले, आणि बल बदलले म्हणून पूल अधिक हलला. ध्वजाचे आणि पुस मॉथच्या पंखाचे जे झाले त्याच कुळातील ही गोष्ट आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतूसारख्या तारांवर तोललेल्या लांब पुलांचा विचार करताना वाऱ्याचा केवळ जोर मोजून भागत नाही, ते याच कारणाने.

लवचीकपणा नेहमी घातकच असतो असे मात्र नव्हे. जुहूच्या किनाऱ्यावरील माड वादळात वाकतात, झावळ्या वाऱ्याच्या दिशेने मिटून घेतात; त्यामुळे वाऱ्यास अडविणारे क्षेत्रफळ घटते. ताठ खांबावर वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बल चौपट होते. वाकणाऱ्या झाडांवर ते पुष्कळदा दुपटीच्याच आसपास राहते. लव्हाळ्याचा दाखला मराठी वाचकास नवा नाही. त्याचे मोजमाप मात्र विसाव्या शतकात स्टीव्हन व्होगेल यांच्यासारख्या जीवशास्त्रज्ञांनी केले. माहीमच्या खाडीकाठची तिवरे भरतीच्या लाटा अंगावर घेतात तेव्हाही हेच गणित चालू असते. असो, मूळ विषयाकडे वळू.

संगणक हे सारे कसे करतो? प्रवाहीच्या हालचालीची समीकरणे एकोणिसाव्या शतकात नेव्हिए आणि स्टोक्स यांच्या नावे स्थिर झाली. न्यूटनचा दुसरा नियमच प्रवाहीच्या प्रत्येक कणास लावला, की ती मिळतात. लवचीक वस्तूचीही समीकरणे आहेत. तीही न्यूटनचीच लेकरे. ध्वजासारख्या साध्या वस्तूसाठीदेखील ती कागदावर सोडविता येत नाहीत. म्हणून हवेच्या जागेवर बारीक चौकटींचे जाळे कल्पितात, काळाचेही बारीक तुकडे पाडतात, आणि प्रत्येक तुकड्यात प्रत्येक चौकटीचा वेग व दाब काढीत पुढे सरकतात. कापडासही त्याचे स्वतःचे जाळे असते. चौकटी लाखोंच्या, काळाचे तुकडे हजारोंचे. म्हणून यंत्र लागते. मात्र खरी मेख आकड्यांच्या संख्येत नाही. दोन्ही समीकरणे एकमेकांचे उत्तर मागतात. हवेचा दाब काढण्यास कापडाचा आकार हवा, आणि कापडाचा आकार काढण्यास हवेचा दाब हवा. आरंभ कोठून करावा?

सुचणारा पहिला मार्ग पाळीपाळीचा. कापड आहे तेथेच आहे असे धरून दाब काढा. तो दाब कापडास लावून नवा आकार काढा. नव्या आकारावरून पुन्हा दाब काढा. हा मार्ग किती दगा देतो हे आम्ही वर्गातच करून पाहिले. नववीच्या वर्गात दोन बाक समोरासमोर ठेवले. एका बाकास ‘पडदा’ नाव दिले, दुसऱ्यास ‘पाणी’. पडद्याच्या बाकाने चिठ्ठीवर आलेल्या बलास पडद्याच्या वस्तुमानाने भागून त्वरण काढावयाचे. पाण्याच्या बाकाने ते त्वरण घेऊन पडद्यावरील बल सांगावयाचे. बाहेरून ६ एकक बल पडद्यास ढकलीत आहे. परंतु पडदा पुढे सरकताना आपल्यापुढील पाण्यासही ढकलतो, म्हणून पाण्याचे वस्तुमान गुणिले त्वरण एवढे बल ६ मधून वजा होते. पडद्याबरोबर ओढल्या जाणाऱ्या या पाण्यास ‘संलग्न वस्तुमान’ म्हणतात.

पहिल्या खेळात पडदा २ एककांचा, पाणी १ एककाचे. दोन्ही मिळून ३ एकके आणि बल ६, म्हणून खरे त्वरण २ हे कोणीही तोंडी सांगेल. बाकांनी ते ठाऊक नाही असे धरून आरंभ केला. पडदा स्थिर, म्हणून बल ६, त्वरण ३. पाणी म्हणाले, मग बल ३. पडदा म्हणाला, मग त्वरण दीड. पुढे २.२५, मग १.८७५, मग २.०६२५. चिठ्ठ्या दोनच्या आजूबाजूस घुटमळत दोनकडे येत होत्या. मुले खूश झाली.

दुसऱ्या खेळात आम्ही फक्त वस्तुमानांची अदलाबदल केली: पडदा १, पाणी २. खरे उत्तर तेच, २. बल ६, त्वरण ६. पाण्याने ६ मधून १२ वजा करून उणे ६ कळविले. पडद्याच्या बाकावरील विद्यार्थिनीने त्वरण उणे ६ लिहिले, पाहिले आणि खोडले. पुन्हा तेच आले, पुन्हा खोडले. तिसऱ्यांदा तिने आम्हांस हाक मारली: “सर, माझं कुठेतरी चुकतंय. पुढे ढकललेला पडदा मागे कसा जाईल?” तिचे काहीच चुकले नव्हते. आम्ही तिला तसेच पुढे जाण्यास सांगितले. पुढील चिठ्ठी १८ ची आली, त्यापुढील उणे ३० ची. वर्ग हसू लागला, आणि ती मात्र गंभीरपणे खोडलेला कागद पाहत राहिली. प्रत्येक बेरीज-वजाबाकी बिनचूक आणि उत्तर मात्र निरर्थक, असा अनुभव तिला प्रथमच येत होता.

या बिघाडाचे कारण सरळ आहे. प्रवाही वस्तूपेक्षा जड पडले, की पाळीपाळीची पद्धत प्रत्येक फेरीत चूक वाढविते. काळाचे तुकडे अधिक बारीक केले तर बरे होईल असे वाटते. पाण्यासारख्या न दबणाऱ्या प्रवाहीत तसे होत नाही, आणि हे गणिताने नीट सिद्ध करण्यास २००५ साल उजाडावे लागले. विमानाचा पंख त्याच्याबरोबर हलणाऱ्या हवेहून सहसा जड असतो, म्हणून विमान अभियंत्यांचे पाळीपाळीवर पुष्कळ दिवस निभावले. आमच्या ध्वजाचे मात्र तसे नाही. एक चौरस मीटर कापड १२० ग्रॅमचे धरा. हवेची घनता घनमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम, म्हणून त्या कापडावरील अवघ्या १० सेंटिमीटर जाडीच्या हवेच्या थराचे वजनही १२० ग्रॅमच भरते. फडकताना ध्वज याहून जाड थर हलवितो. आठवीतल्या मुलाने ध्वजवंदनानंतर विचारलेला प्रश्न या दृष्टीने विमानाच्या पंखापेक्षा अवघड होता. आम्ही तो एका वाक्यात उडविला होता.

उपाय आहेत. सर्वांत साधा उपाय उतावळेपणा आवरण्याचा: नव्या चिठ्ठीवरचा आकडा जसाच्या तसा न घेता, जुन्या आणि नव्या आकड्यांतील अंतराच्या केवळ चौथ्या हिश्शाने पुढे सरकावयाचे. दुसरा खेळ याच नियमाने पुन्हा खेळलो. ० वरून ६ कडे जाण्याऐवजी १.५; मग १.८७५, मग १.९६८७५. मघाशी उणे ३० पर्यंत भरकटलेले उत्तर तीन चिठ्ठ्यांत दोनशी येऊन बसले. याहून खर्चीक पण भक्कम उपाय म्हणजे दोन्ही बाक जोडून टाकणे, पडदा आणि पाणी यांची समीकरणे एकाच वेळी सोडविणे. कोणता उपाय केव्हा वापरावा यावर आजही संशोधन चालू आहे.

येथवरचे गणित ज्या ठिकाणी सर्वांत अधिक मोलाचे ठरते ते ठिकाण प्रत्येकाच्या छातीत आहे. हृदयाची झडप दिवसातून सुमारे एक लाख वेळा उघडते व मिटते. तिची पाळी मिलिमीटरहून पातळ, आणि तिची घनता रक्ताच्या घनतेइतकीच. म्हणजे आमचा दुसरा खेळ, तोही अधिक कठीण रूपात. शिवाय झडप मिटते तेव्हा दोन पाळ्यांच्या मध्ये सापडलेले प्रवाहीचे जाळे चुरगळून जाते. चार्ल्स पेस्किन या न्यूयॉर्कच्या तरुण गणितज्ञाने १९७२ साली यातून वाट काढली. त्याने रक्ताचे जाळे हलविलेच नाही. सर्व जागेवर एकच स्थिर जाळे टाकले आणि झडपेस त्यात बुडालेल्या लवचीक बिंदूंची साखळी मानले. साखळी ताणली गेली की ती जवळच्या चौकटींतील रक्तास ढकलते; रक्त ज्या वेगाने वाहते त्या वेगाने साखळी वाहत जाते. जाळे चुरगळण्याचा प्रश्नच मिटला. आरंभी हे द्विमित चित्रच होते, पण झडपेमागे उठणारे भोवरे त्यात दिसू लागले.

वसतिगृहातील मुलांशी या झडपेचा संबंध किती जवळचा आहे, हे सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. एका प्रकारच्या जंतूंनी घसा सुजतो. तो दुर्लक्षिला तर काही मुलांस पुढे संधिज्वर, डॉक्टर ज्यास ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात तो, जडतो आणि हृदयाची झडप कायमची बिघडवितो. पाच ते पंधरा हे त्याचे मुख्य वय, आणि दाटीची वस्ती हे त्याचे आवडते घर. वेळीच दिलेल्या पेनिसिलिनने तो टळू शकतो. म्हणून घसा दुखत असल्यास रात्रीच कळवावे असा आमचा आग्रह असतो, आणि मुले त्यास कटकट म्हणतात. झडप फारच बिघडली तर कृत्रिम झडप बसवावी लागते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडविलेली भारतीय झडप १९९० साली प्रथम रुग्णास बसविण्यात आली. तत्पूर्वीचे नमुने अपयशी ठरले होते. यांत्रिक झडपेच्या आसपास रक्त कोठे साकळते आणि कोठे त्याच्या पेशी चिरडल्या जातात, यावर गुठळी होण्याचा धोका ठरतो. म्हणून अशा रुग्णास रक्त पातळ ठेवण्याचे औषध जन्मभर घ्यावे लागते. रक्त साकळण्याच्या त्या जागा रुग्णाच्या आधी संगणकात दिसाव्यात, हा या सगळ्या खटाटोपाचा एक हेतू आहे.

पण संगणकात दिसते ते खरे कशावरून? सदृशीकरणाची चित्रे रंगीत आणि मोहक असतात. चुकीचे गणितही तितकेच देखणे भोवरे काढते. उणे ३० हे उत्तर पाहून आमचा वर्ग हसला, कारण खरे उत्तर ठाऊक होते. झडपेच्या बाबतीत ते कोणासच ठाऊक नसते. म्हणून या शाखेतील लोकांनी कसोटीचे दगड ठरविले आहेत. त्यांपैकी सर्वांत परिचित कसोटी जर्मनीतील टुरेक आणि त्यांचे सहकारी ह्रॉन यांनी २००६ साली मांडली. अडीच मीटर लांब व ४१ सेंटिमीटर रुंद अशी एक कल्पित वाहिनी. तिच्यात १० सेंटिमीटर व्यासाचा घट्ट बसविलेला गोल खांब. आणि खांबाच्या पाठीस चिकटविलेली ३५ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर जाड लवचीक पट्टी. म्हणजे शेवटी ध्वजस्तंभ आणि ध्वजच! पट्टीचे टोक किती वरखाली होते आणि सेकंदास किती वेळा, याचे आकडे प्रसिद्ध आहेत. नवी आज्ञावली लिहिणारा प्रत्येक जण आधी ही पट्टी फडफडवून ते आकडे जुळतात का ते पाहतो. रजनीश भारद्वाज आणि रजत मित्तल यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात आपली पद्धत याच दगडावर घासून पाहिली. भारद्वाज आमच्यापासून फार दूर नसलेल्या पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अध्यापन करतात.

आकडे जुळले तरी प्रयोगाची सुटका होत नाही. कसोटीतील पट्टी एकजिनसी असते. माणसाची झडप तशी नसते, आणि सागरी वाऱ्यात दोन पावसाळे काढलेला आमचा ध्वजही नसतो. म्हणून पवनबोगदे बंद पडलेले नाहीत, आणि चादरीची पट्टी घेऊन आलेला तो विद्यार्थी योग्य मार्गावर होता असे आम्ही म्हणतो.

ज्या विद्यार्थ्यांस खेळ पुढे न्यावयाचा असेल त्यांनी पडदा १ आणि पाणी ५ घ्यावे, बल ६ च ठेवावे. खरे उत्तर १. अंतराच्या तिसऱ्या हिश्शाने सरकल्यास चिठ्ठ्या ०, २, ०, २ अशा अखंड येरझाऱ्या घालतात. पाचव्या हिश्शाने सरकल्यास १.२, ०.९६, १.००८ अशा खऱ्या उत्तराशी येऊन भिडतात. पहिल्याच चिठ्ठीत नेमके १ येईल असा एक हिस्सा आहे. तो कोणता, आणि पडदा व पाणी यांच्या वस्तुमानांवरून तो आधीच कसा सांगता येईल, हे काढणाऱ्याने उत्तर प्रयोगशाळेतील फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहावे. तो कोपरा आम्ही पुसत नाही.